तिखट सॉसेजबरोबर वाइन कोणती घ्यायची? पुण्यातल्या नवख्यांसाठी

आमच्या घरी गोव्याचं सॉसेज पहिल्यांदा शिजलं तेव्हा मी त्याच्यासाठी खास महागातली कॅबर्ने सोव्हिन्यों आणली होती. ओकच्या पिंपात मुरवलेली, जाड काचेची बाटली, दुकानदारानेही 'मटणाला रेडच' म्हणून मान डोलावलेली. दोन घास खाल्ले, एक घोट घेतला आणि तोंडात वणवा पेटला. सॉसेज दुप्पट तिखट लागायला लागलं आणि वाइन कडू. पाहुण्यांनी सभ्यपणे ग्लास बाजूला सरकवले आणि स्वयंपाकघरात ताक आहे का, अशी चौकशी झाली. बाटली दुसऱ्या दिवशी रश्श्यात गेली.

त्यानंतरच्या काही वर्षांत मी बऱ्याच बाटल्या याच कामी लावल्या. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमानं सांगते. वाइनचा कोर्स वगैरे मी केलेला नाही, आणि या कामाला त्याची गरजही नाही. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी का असते आणि झणझणीत मिसळीनंतर मस्तानी का आठवते, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

आधी जमवायच्या गोष्टी

- वयाचा पुरावा. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं (कडक दारूसाठी २५).
- राज्य उत्पादन शुल्क खात्याचा मद्यसेवन परवाना. दुकानात सहसा कोणी विचारत नाही, पण कायद्यानं तो विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायलाही लागतो. आजीवन परवाना एकदाच काढून टाका, कटकट मिटते.
- कॉर्कस्क्रू. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, पण आयात बाटली घरी आणल्यावर रात्री नऊ वाजता हे हत्यार शोधत फिरायची वेळ येऊ नये.
- देठ असलेले साधे काचेचे ग्लास. स्टीलचा पेला नको, वाइनला धातूचा वास लागल्यासारखा वाटतो.
- एक मोठं पातेलं, बर्फ आणि मूठभर मीठ. का ते पुढे येईल.
- घट्ट झाकणाचा डबा, सॉसेज ठेवायला. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. व्हिनेगर, लसूण आणि मिरचीचा तो वास फ्रीजमधल्या दुधाला, लोण्याला, खरवसाला, सगळ्यांना चिकटतो. आमच्या सासूबाईंनी एकदा श्रीखंडाचा वाडगा तोंडाशी नेऊन तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मी डबा आणला.

१. तुमच्या हातात नेमकं कुठलं सॉसेज आहे ते ओळखा

'तिखट सॉसेज' या दोन शब्दांत चार वेगळे प्राणी राहतात, आणि वाइन त्या त्या प्राण्याला बघून ठरते.

पहिलं गोव्याचं चोरीस. डुकराचं मांस आणि चरबी हातानं तुकडे करून मिठात ठेवायची, मग सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यात मुरवायचं आणि आतड्यात भरून उन्हात किंवा चुलीच्या धुरावर सुकवायचं. काही घरांत थोडी फेणीही पडते. छोट्या मण्यांची माळ ओवावी तसं ते दोऱ्याला बांधलेलं असतं. पावसाळ्यात मासळी बंद झाली की उपयोगी पडावं म्हणून गोव्यात ही बेगमी आधीच करून ठेवायची, तिला तिकडे 'पुरुमेंत' म्हणतात. आपल्या उन्हाळी वाळवणांचीच ही बहीण.

दुसरं स्पेनचं चोरिथो. याच्या लाल रंगाला आणि वासाला कारण आहे ते पिमेंतोन, म्हणजे सुकवून दळलेली मिरची. एस्त्रेमादुरा प्रांतातल्या ला व्हेरा खोऱ्यात ती मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, म्हणून त्या चोरिथोला धुराचा खमंगपणा येतो. मिरची गोड, मध्यम आणि तिखट अशा तिन्ही प्रकारची असते. मात्र स्पॅनिश माणूस ज्याला तिखट म्हणतो ते कोल्हापूरच्या माणसाला कळतसुद्धा नाही.

तिसरं एन्दुया. इटलीच्या कालाब्रिया भागातल्या स्पिलिंगा गावाचं, डुकराच्या चरबीचं आणि लाल मिरचीचं, पावावर लोण्यासारखं फासता येईल असं. चवीला चरबी आणि आग यांचा गोळा.

चौथं पेपरोनी. नाव इटालियन वाटलं तरी माल अमेरिकेत घडला, तिथे स्थायिक झालेल्या इटालियन लोकांच्या हातून.

इथे पहिला सापळा आहे. पुण्यातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये 'चिकन सलामी', 'चिकन पेपरोनी' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा शिजवून, बारीक करून, साच्यात घातलेलं मांस असतं. वाईट नसतं, पण ते मुरवून वाळवलेलं सॉसेज नव्हे. त्यात चरबी कमी, आंबटपणा जवळजवळ नाही आणि खारटपणा भरपूर. खालचे सल्ले त्याला जसेच्या तसे लावू नका.

दुसरा सापळा त्याहून गंभीर. चोरिथो आणि पेपरोनी मुरवून, आंबवून, वाळवून तयार झालेले असतात, ते कापून तसेच खाता येतात. गोव्याचं चोरीस तसं खायचं नाही. ते पूर्ण शिजवावंच लागतं. नावं सारखी म्हणून फसू नका.

पुण्यात मिळतं कुठे? कॅम्पात. शिवाजी मार्केटच्या आसपास आणि कॅम्पातल्या जुन्या कोल्ड कट्सच्या दुकानांत विचारा, आयात माल मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये असतो. आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे गोव्याला माहेर किंवा सासर असलेली मैत्रीण. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस मिरज-साताऱ्यावरून पुण्यात येते, तिच्यातून माझ्याकडे आजवर किती माळा आल्या याचा हिशेब नाही.

२. वाइनला हात लावायच्या आधी एक तुकडा खाऊन बघा

गोव्याचं असेल तर एक मणी सोलून, पळीभर पाण्यात दहा-बारा मिनिटं झाकून शिजवा आणि पाणी आटल्यावर त्याच्याच चरबीत परता. तेल घालू नका, ते स्वतःचं तेल सोडतं. मग कोरा खा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा.

तिखट किती? ओठ झोंबतात, की नुसती घशाशी ऊब येते?

आंबट किती? हा प्रश्न सगळे विसरतात. गोव्याच्या सॉसेजमध्ये व्हिनेगर हा निम्मा खेळ असतो, आणि घरागणिक त्याचं प्रमाण बदलतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या दोन माळा, दोन बायकांकडून घेतलेल्या, एकीसारखी दुसरी नसते.

चरबी किती? कढईत किती लाल तेल सुटलं ते बघा.

धूर आहे का?

उत्तरं कागदावर लिहायला लाजू नका. माझ्या स्वयंपाकघरात वाण्याच्या यादीच्या वहीतच मागची पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

३. बाटलीत काय शोधायचं, काय टाळायचं

ही पायरी नीट वाचा, बाकीचं तपशीलाचं काम आहे.

*अल्कोहोल कमी.* मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारं द्रव्य, जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, तोच रिसेप्टर खरा चटका बसल्याचीही वर्दी मेंदूला देतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधून दाखवला आणि २०२१ मध्ये त्यांना त्या कामाच्या मालिकेसाठी नोबेल मिळालं. एरवी तो साधारण ४२ अंश सेल्सियसच्या पुढे ओरडायला लागतो. अल्कोहोल ही पातळी ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं, म्हणजे आपल्या शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांच्याही खाली. तोंड आधीच मिरचीनं चेतलेलं, त्यात १४.५ टक्क्यांची वाइन ओतली तर दुसरं काय होणार? म्हणून लेबलावरचा आकडा वाचा. १२-१२.५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त, १३ ला विचार करा, १४ च्या पुढे तिखट सॉसेजसाठी नाही.

'अल्कोहोलमध्ये कॅप्सेसिन विरघळतं, मग वाइननं तिखट धुऊन जायला हवं ना?' असं मला एका इंजिनिअर पाहुण्यानं ऐकवलं होतं. विरघळतं, पण बाटलीत शंभरातले बारा-तेरा भागच अल्कोहोल असतं, बाकी बहुतेक पाणी. पाण्यानं तिखट जात नाही हे पुण्यात तरी कोणाला शिकवायला नको.

*तुरटपणा कमी.* वाइनची पुस्तकं ज्याला टॅनिन म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, आवळ्यानं दात जसे आंबतात त्याच्या अलीकडे जी कोरड येते, ते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतो. साध्या मटणाबरोबर तो छान, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी त्याची धार बोथट करतात. पण मिरचीनं सोललेल्या जिभेवर तोच तुरटपणा वाळूच्या कागदासारखा लागतो. माझी कॅबर्ने इथेच मार खाऊन गेली.

*आंबटपणा भरपूर.* हे उलट वाटतं. पदार्थ आंबट, मग वाइन कमी आंबट हवी ना? नाही. पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असेल तर ती बेचव, पाणचट लागते. चिंचेची आमटी खाल्ल्यावर लगेच मोसंबीचा रस पिऊन बघा म्हणजे कळेल. शिवाय चरबीचा जो थर टाळूवर बसतो तो आंबट घोटानंच निघतो, आपण चरबरीत तळणाबरोबर लिंबाची फोड ठेवतो ना, तसं.

*किंचित गोडवा.* तिखटाला गोड हाच उतारा. पण 'किंचित' यावर माझा भर आहे. बाटलीवर 'ऑफ-ड्राय' किंवा 'सेमी-ड्राय' असेल तर ती बघा. इथे तिसरा सापळा: वाइनला आंब्याचा, अननसाचा, पेरूचा वास येतो म्हणजे ती गोड असते असं नाही. वास फळाचा आणि चव ठणठणीत कोरडी, असं सर्रास असतं. नाकावर विश्वास ठेवू नका, लेबल वाचा किंवा घोट घ्या.

*फेस?* स्पार्कलिंग वाइनबद्दल माझं मत अजून डळमळतं. चरबीवर तिचे बुडबुडे झाडू मारल्यासारखे काम करतात. पण फार तिखट सॉसेज असेल तर तेच बुडबुडे झोंबलेल्या जिभेला टोचतात. मध्यम तिखटाला हो, जहाल तिखटाला नको, एवढं म्हणते.

४. आता जोड्या

गोव्याचं चोरीस. पुण्यात राहून याला जोडी शोधणं सगळ्यात सोपं आहे, कारण नाशिक जवळ आहे. नाशिकच्या द्राक्षबागांत शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची वाइन मोठ्या प्रमाणावर होते आणि तिच्यात आपल्याला हवं ते बहुतेक सगळं असतं: आंबटपणा, हलकं अंग, तुरटपणा नाही आणि काही बाटल्यांत जिभेवर रेंगाळणारा जरासा गोडवा. सुलाची शेनिन ब्लां याच जातीची, आणि नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी. हजाराच्या आतबाहेर काम होतं. रीसलिंग मिळाली तर तीही घ्या, तिचा आंबटपणा जास्त टोकदार असतो, म्हणून व्हिनेगर जास्त असलेल्या माळेला ती बरी.

सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनबद्दल लोक हमखास विचारतात. ती चालते, पण कोरडी असल्यानं तिखटाला उतारा देत नाही, नुसती आंबटाला आंबट भिडते. सॉसेज बटाटा घालून सौम्य केलं असेल तर घ्या.

माझी स्वतःची आवडती जोडी मात्र रोझे, गुलाबी वाइन. झिनफांडेल द्राक्षाची थोडी गोडसर रोझे आपल्याकडे सहज मिळते. तिच्यात लाल द्राक्षाचा थोडा भरीवपणा असतो, त्यामुळे मसाल्यापुढे ती पांढरीसारखी दबत नाही, आणि साल रसात थोडाच वेळ राहिल्यामुळे तुरटपणा जवळजवळ नसतो. पुण्यात अजूनही 'गुलाबी म्हणजे बायकांची' असा एक समज आहे. अशा पुरुषांना मी ग्लासाचा रंग दिसणार नाही इतक्या मंद दिव्यात वाढते. सगळे परत मागतात.

रेडच हवी असा हट्ट असेल तर पिंपात न मुरवलेली, ताजी शिराझ घ्या, आणि गार करून. 'रिझर्व्ह' लिहिलेली नको. तो शब्द दिसला की पिंप, तुरटपणा आणि जास्तीचे पैसे तिन्ही आले असं समजा.

खूप गोड 'लेट हार्वेस्ट' वाइन किंवा गोव्यात पोर्ट म्हणून मिळणारी गोड लाल वाइन? पहिली चमचाभर घेतली तर जहाल तिखटावर गुळाच्या खड्याचं काम करते, जेवणभर मात्र नाही. दुसरी माझ्या जिभेला नाही झेपत.

स्पॅनिश चोरिथो. इथे नियम सैल होतात. तिखट कमी, धूर जास्त, व्हिनेगर नाही. म्हणून रेडला जागा आहे. स्पेनचं टेम्प्रानिलो द्राक्ष याचं घरचं जोडीदार. रिओहा भागातल्या बाटलीवर 'क्रियांसा' असेल तर ती किमान दोन वर्षं मुरलेली असते, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात, आणि त्या पिंपाचा वास धुराशी जुळतो. 'होवेन' असेल तर तरुण, हलकी. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं आहे, त्यामुळे स्पेनमध्ये साधी समजली जाणारी बाटली इथे मिरवायची वस्तू होते. रोज चोरिथो खाणार असाल तर देशी शिराझवर भागवा, काही बिघडत नाही.

एन्दुया. कालाब्रियात याच्याबरोबर चिरो नावाची तिथलीच वाइन पितात, गालिओप्पो द्राक्षाची. पुण्यात ती शोधण्यात आयुष्य घालवू नका. गार रोझे किंवा देशी ब्रूट (म्हणजे कोरडी) स्पार्कलिंग आणा, कारण इथे शत्रू नंबर एक चरबी आहे.

पेपरोनी पिझ्झा. टोमॅटोचा आंबटपणा आहे, चीज आहे, तिखट बेताचं. याला सांजिओव्हेझे, म्हणजे त्या नावाच्या इटालियन लाल द्राक्षाची वाइन. आणि त्यासाठी इटलीला जायला नको, पंढरीच्या वाटेवरच्या अकलूज परिसरात फ्राटेल्ली नावाची कंपनी हे द्राक्ष पिकवून वाइन करते. सोलापूर जिल्ह्यातलं इटालियन द्राक्ष अमेरिकी पिझ्झ्याबरोबर पुण्यात, यात विचित्र वाटून घेण्यासारखं काही नाही. ज्या चोरीस-पावाबद्दल आपण बोलतोय त्यातला पाव हा शब्द पोर्तुगीज, त्यातला बटाटाही पोर्तुगीज आणि मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजातून आलेली.

५. दुकानात शिरल्यावर

आपल्याकडे 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सोडून सगळं खपतं. व्हिस्कीच्या खोक्यांमागे, वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली वाइनच्या चार बाटल्या धूळ खात उभ्या असतात. त्या घेऊ नका. एप्रिल-मेच्या पुण्यात चाळीसच्या आसपासच्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहिलेली पांढरी वाइन आतून मेलेली असते. ज्या दुकानात वाइनसाठी गार कपाट किंवा निदान एसी आहे, जिथे त्या बाटल्या लवकर विकल्या जातात, तिथे जा. कोरेगाव पार्क, औंध, कॅम्प भागात अशी दुकानं आहेत, कोथरूडमध्येही आता सापडतात.

लेबलावर वर्ष बघा. आपल्याकडे द्राक्षं युरोपसारखी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये नाही, तर साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. म्हणजे या वर्षीची पांढरी किंवा गुलाबी बाटली वर्षाच्या उत्तरार्धात दुकानात दिसू शकते. पांढरी आणि रोझे दोन वर्षांच्या आतलीच घ्या. 'जुनी वाइन चांगली' हा चौथा सापळा, हा नियम या बाटल्यांना लागू नाही.

झाकणाभोवती चिकट ओघळ दिसला, किंवा कॉर्क बाहेर ढकललेला दिसला, तर बाटली उन्हात तापलेली आहे. ठेवून द्या.

आणि तारीख बघून जा. २ ऑक्टोबर ठरलेलाच, पण गणेशोत्सवात पुण्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं काही दिवस दुकानं बंद असतात. पाहुणे अनंत चतुर्दशीला बोलावून संध्याकाळी पाच वाजता दुकानासमोर उभं राहण्याचा अनुभव मला आहे.

पाचवा सापळा, गोव्याहून परतणाऱ्यांसाठी: सॉसेज आणा, बाटल्या आणू नका. गोव्यात विकण्यासाठी असलेली दारू परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. चार पैसे वाचवायला जाऊन गाडी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

६. गार करा, वाटतं त्यापेक्षा जास्त

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हे वाक्य ज्या खोल्यांमध्ये जन्मलं त्या युरोपातल्या होत्या, सोळा-अठरा अंशांच्या. आपली सदाशिव पेठेतली खोली मे महिन्यात ३२-३३ अंशांवर असते. तशी रेड उघडली तर अल्कोहोलचाच भपका येतो, आणि तिखटाशी अल्कोहोलचं काय नातं आहे ते वर आलंच.

रेड फ्रीजमध्ये चाळीस मिनिटं. पांढरी, रोझे, स्पार्कलिंग तीन तास. वेळ नसेल तर ते पातेलं काढा: बर्फ, बर्फ बुडेल इतकं पाणी, मूठभर मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खुपसून ठेवली तर दुप्पट वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधल्या हवेतून गारवा लवकर जात नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरू नका. काच फुटते, आणि डीप फ्रीजरमधल्या मटारांना गुलाबी रंग येतो.

गार गोष्ट तिखटावर स्वतःच एक औषध आहे. चवीचं बाकी काहीच जमलं नाही तरी गारवा तुमची अर्धी अब्रू वाचवतो.

७. ताटात काय असावं

वाइनला मदत करणारी माणसं ताटात बसवा. चोरीस कांदा-बटाट्यात शिजवा, बटाटा तिखट आणि चरबी दोन्ही पितो. पोई, म्हणजे गोव्याचा पाव, मिळाली तर उत्तम, नाहीतर बेकरीतला ताजा लादीपाव. पुलाव केला तर वाइनची निवड एक पायरी सौम्य करता येते, त्या भाताबरोबर सांजिओव्हेझेसुद्धा चालून जाते.

वर हिरवी मिरची चिरून घालू नका. ठेचा तर अजिबात नको. आपल्याकडे तोंडीलावणं म्हणून काहीतरी तिखट ठेवायची सवय आहे, पण इथे तोंडी लावायचं तेच सॉसेज आहे. त्याऐवजी काकडी, किसलेला मुळा, फार तर थोडं दही.

गाडी चालवणाऱ्यासाठी किंवा न पिणाऱ्यासाठी सोलकढी करा. आमसुलाचा आंबटपणा, नारळाच्या दुधाची चरबी, गार. आपण वर जे जे शोधत होतो त्यातलं बरंचसं त्या एका वाटीत आहे, हे मला पाच बाटल्या उघडल्यावर कळलं.

८. पहिल्या वेळी दोन बाटल्या उघडा

चार माणसं जमवा आणि एक शेनिन, एक रोझे अशा दोन बाटल्या आणा. आधी वाइनचा कोरा घोट. मग सॉसेजचा घास, पावाशिवाय. घास गिळायच्या जरा आधी वाइनचा छोटा घोट, मग दहा सेकंद थांबा. तिखट वाढलं की उतरलं? वाइनची चव राहिली की नाहीशी झाली? मग पावासकट हेच पुन्हा.

घाई करू नका, घासाघासाला घोट नको. तिसऱ्या-चौथ्या घासानंतर जीभ बधिर होते आणि सगळंच छान वाटायला लागतं. ती चव खरी नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलेलं अक्षरही लागत नाही.

वाइन उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, पांढरी आणि गुलाबी तीन दिवस बऱ्यापैकी टिकते. कढईतलं ते लाल तेल मात्र टाकू नका. ते सॉसेजच्या त्या डब्यातच गार होऊ द्या आणि सकाळी त्यातलं दोन चमचे तेल तव्यावर घेऊन अंडी फोडा. मीठ घालायची गरज पडत नाही.